छोट्या नौदलाला ओपीव्ही (खोल समुद्रातली गस्ती जहाजं) कशाला? त्या पैशात क्षेपणास्त्र बोटी का नकोत?

रंकाळा_संध्याकाळ

मंडळी, राजारामपुरीतल्या आमच्या अभ्यासगटात एसएसबीची (सैन्यदलातल्या अधिकारी निवडीची) तयारी करणारी पोरं आहेत. गटचर्चेला विषय काढला आणि वाद तिथंच अडकून पडला, म्हणून इथं टाकतोय.

समजा बेटांचा एक छोटा देश आहे. अनन्य आर्थिक क्षेत्र (किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा, मासेमारीचा हक्क त्याच देशाचा असलेला समुद्र) ५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण श्रीलंकेएवढं. शेजाऱ्याशी युद्ध नाही. त्रास आहे तो परक्या ट्रॉलरच्या चोरट्या मासेमारीचा, अमली पदार्थ नेणाऱ्या गलबतांचा आणि अधूनमधून चाच्यांचा. तिजोरीत पैसे एवढेच की १०० मीटरच्या २ ओपीव्ही घ्या, नाहीतर ६ क्षेपणास्त्र बोटी.

निम्मा गट म्हणतो, ओपीव्ही हा नुसता देखावा. वेग २४ नॉट (ताशी २४ सागरी मैल), पुढं एक तोफ, क्षेपणास्त्र नाही, पाणबुडी शोधणारं सोनार नाही. उरलेले म्हणतात जहाज मोठं असलं की वचक बसतो. दोन्ही बाजूंना आकडे कुणाकडेच नाहीत. ओपीव्हीला असं काय जमतं जे लहान वेगवान बोटीला जमत नाही? आणि दोन पुरतील का?

(कोल्हापूरला समुद्र नाही, मग तुम्हाला काय पडलंय, असं एकानं आधीच ऐकवलंय. १८१२ च्या तहापर्यंत सिंधुदुर्ग आणि मालवण बंदर करवीर राज्याकडं होतं. आरमार सांभाळायला काय लागतं हा प्रश्न या गावाला परका नाही.)

नाळेवरचा

भावा, तोफा मोजण्याआधी दिवस मोज. किनाऱ्यापासून १५० सागरी मैलांवर, पावसाळी समुद्रात, ते जहाज वर्षातले किती दिवस उभं राहू शकतं? ओपीव्हीची किंमत त्या दिवसांसाठी मोजायची असते.

क्षेपणास्त्र बोट ४० ते ५५ मीटरची. ती बंदरात दबा धरून बसते, खबर आली की सुटते, मारा करते आणि परत येते. १९७१ च्या ४ डिसेंबरला कराचीवर गेलेल्या निपात, निर्घात आणि वीर आठव. त्यांच्यासोबत किल्टन आणि कच्छल ही मोठी जहाजं द्यावी लागली होती, कारण बोटींची नजरही तोकडी होती आणि पल्लाही. त्या रात्रीच्या कामाला त्या बोटी अगदी योग्य होत्या. पण तीच बोट तीन मीटरच्या लाटांत आठवडाभर गस्तीला ठेवली, तर तिसऱ्या दिवशी माणसं झोपेविना आणि उलट्यांनी निकामी होतात. मग रडार कितीही चांगलं असो, त्याच्या पडद्याकडं नीट बघणारा कुणी उरत नाही. १०० मीटरचा सांगाडा त्याच लाटांत तीन-चार आठवडे काढतो. लांबी हवी ती याच्यासाठी.

आता क्षेत्रफळ. रडारचा अँटेना पाण्यापासून २० मीटर उंच आणि समोरची मासेमारी बोट २ मीटर उंच धर. दोन्ही उंचींची वर्गमुळं बेरीज करून २.२ नं गुणलं की रडारच्या क्षितिजाचे सागरी मैल मिळतात. इथं उत्तर येतं सुमारे १३. फायबरच्या किंवा लाकडी बोटीचा परतावा क्षीण असतो, म्हणून दोन्ही बाजूंना १० मैलच धरू. १२ नॉटनं २४ तासांत २८८ मैल कापले, पट्टा २० मैलांचा, म्हणजे ५,७६० चौरस सागरी मैल किंवा साधारण २० हजार चौरस किलोमीटर. तुझ्या ५ लाखांवर एकदा नजर फिरवायला एका जहाजाला २५ दिवस लागले, तेही समुद्र शांत असेल तर. लाटा वाढल्या की पडद्यावर त्यांचीच गर्दी होते आणि हा पट्टा निम्म्यावर येतो. एवढ्या वेळात ट्रॉलर येऊन, माल भरून, निघूनही गेलेला असतो.

याचा अर्थ ओपीव्ही एकटी डोळ्याचं काम करूच शकत नाही. डोळा विमानाचा. डॉर्नियर २२८ सारखं विमान १६० नॉटनं पाच तास उडालं आणि दोन्ही बाजूंना २० मैल बघितलं, तर एका फेरीत लाखभर चौरस किलोमीटर होतात. मॉरिशस आणि सेशेल्सकडं हीच डॉर्नियर आहेत, ते उगाच नाही. विमान जागा सांगतं. पण विमान कुणाच्या डेकवर उतरून कागदपत्रं तपासू शकत नाही, जाळं जप्त करू शकत नाही. ते काम ओपीव्हीचं. दोन ओपीव्ही घेऊन विमान न घेणारा देश डिझेल जाळतो आणि हाती फार थोडं लागतं, हे माझं ठाम मत.

वेगाबद्दलचा गैरसमजही काढतो. लागणारी शक्ती ढोबळमानानं वेगाच्या घनाप्रमाणं वाढते. २४ नॉटला १५,००० किलोवॅट लागत असतील तर १२ नॉटला त्याच्या आठव्या हिश्श्यात भागतं. डिझेलचा खप किलोवॅट-तासाला २०० ग्रॅम धर. २४ नॉटला ताशी ३ टन, दिवसाला ७२ टन. १२ नॉटला दिवसाला ९ टन, शिवाय जनरेटरचे दोनेक टन वेगळे. म्हणून गस्त १०-१२ नॉटनं चालते आणि २४ नॉट शेवटच्या दोन-तीन तासांच्या पाठलागापुरते राखून ठेवतात. भरलेला ट्रॉलर पळून पळून १०-११ नॉटनं पळतो. ३५ नॉट इथं कुणाला हवेत?

उदाहरण हवं तर आपलंच घे. जानेवारी २०२४ च्या अखेरीस आयएनएस सुमित्रानं कोचीच्या पश्चिमेला सुमारे ८५० मैलांवर ३६ तासांच्या आत दोन इराणी मासेमारी जहाजं चाच्यांकडून सोडवली. आधी 'इमान', त्यावर १७ इराणी खलाशी, मग 'अल नईमी', त्यावर १९ पाकिस्तानी. सुमित्रा म्हणजे गोवा शिपयार्डनं बांधलेली सरयू वर्गातली ओपीव्ही, १०५ मीटर. क्षेपणास्त्र एकही नाही. कामाला आलं काय, तर आधीपासून तिथं असणं, हेलिकॉप्टर, लहान बोटी आणि मार्कोस, म्हणजे नौदलाचे कमांडो.

शिरोली_फाउंड्री

वरच्या ९ टनांच्या हिशेबात एक खोच आहे, ती इंजिनवाल्यांनाच दिसते, म्हणून लिहितो.

या जहाजांत साधारण दोन मोठी मध्यम गतीची डिझेल इंजिनं, गिअरबॉक्स आणि पाती फिरवून कोन बदलता येणारे दोन प्रोपेलर असतात. एकूण १५,००० म्हणजे प्रत्येकी ७,५०० किलोवॅट. १२ नॉटला लागतात १,९०० च्या आतबाहेर. दोन्ही इंजिनं चालू ठेवली तर प्रत्येकावर जेमतेम १२-१३ टक्के भार. ८ नॉटला तर चार टक्केसुद्धा नाही. गुऱ्हाळावरचं जुनं डिझेल चरकाचा पट्टा न चढवता तासन्‌तास रिकामं फिरवलं की धुराड्यातून काळं तेल टपकायला लागतं, तसंच इथं होतं, फक्त दुरुस्तीचा खर्च कोटीत.

होतं काय? भार कमी, म्हणून सिलिंडरमधलं तापमान आणि दाब कमी. डिझेल पूर्ण जळत नाही. इंजेक्टरच्या टोकावर काजळी धरते, त्यामुळं फवारा बिघडतो आणि आणखी काजळी होते. पिस्टनच्या रिंगा दाबाअभावी लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) घट्ट बसत नाहीत, लायनर आरशासारखा गुळगुळीत होतो आणि वंगण वर चढून जळायला लागतं. टर्बोचार्जरची पाती माखतात. सगळ्यात धोक्याचं म्हणजे धुराड्यात साठलेली तेलकट काजळी. दोन आठवडे ८ नॉटनं रेंगाळलेलं जहाज पाठलागासाठी एकदम पूर्ण वेगाला नेलं, की हीच काजळी पेट घेते.

उपाय तीन, आणि तिन्ही जहाज मागवतानाच ठरवायचे:

एक, एकाच इंजिनावर चालायचं. दुसरा शाफ्ट (प्रोपेलरचा दांडा) नुसता पाण्याबरोबर फिरत राहतो, त्याची ओढ धरून चालत्या इंजिनावर २८-३० टक्के भार येतो. हे १२ नॉटला चालतं, ८ नॉटला नाही. आणि गिअरबॉक्सला, शाफ्टच्या बेअरिंगना असं मोकळं फिरताना तेल मिळतंय का, हे आधी तपासावं लागतं. मोकळ्या शाफ्टचा तेलपंप गिअरबॉक्सवरच चालत असेल तर वेगळा विजेवरचा पंप हवा.

दोन, रेंगाळण्यासाठी शाफ्टवर ५०० किलोवॅटच्या आसपासची विजेची मोटर. मोठी इंजिनं बंद, जनरेटर मात्र चांगल्या भारावर. आयर्लंडच्या सॅम्युअल बेकेट वर्गातल्या जहाजांत कमी वेगासाठी अशा मोटरी आहेत. मला विचाराल तर छोट्या नौदलानं ७६ मिलिमीटरच्या तोफेआधी ही मोटर मागावी.

तीन, यातलं काहीच नसेल तर दर पाळीत अर्धा-एक तास ७०-७५ टक्के भार देऊन इंजिन 'झाडून' घ्यायचं आणि त्याची नोंद ठेवायची. डिझेल वाचवायच्या नादात हे पहिल्यांदा टाळलं जातं.

भाऊसिंगजी_रोड_वकील

तांत्रिक बाजू वर आलीच आहे. कायद्याची जोडतो, कारण छोटा देश बहुतेक वेळा समुद्रावर हरत नाही, लवादापुढं हरतो.

१९८२ च्या समुद्र कायद्याच्या कराराचं कलम ७३ मासेमारीसाठी जहाज थांबवायला, चढायला, तपासायला आणि अटक करायला परवानगी देतं. पण वाजवी जामीन भरला की जहाज आणि खलाशी लगेच सोडावे लागतात, ध्वजाच्या देशाला (जिथं जहाज नोंदलेलं असतं त्या देशाला) तातडीनं कळवावं लागतं आणि त्या देशाशी तसा करार नसेल तर मासेमारीच्या गुन्ह्यासाठी तुरुंगवास देता येत नाही. कलम १११ सलग पाठलागाचं: सुरुवात आपल्या क्षेत्रात, थांबण्याचा इशारा दिसेल किंवा ऐकू येईल अशा अंतरावरून दिलेला, पाठलाग मध्ये तुटलेला नको, आणि ते जहाज दुसऱ्या देशाच्या १२ मैलांत शिरलं की हक्क संपला. या सगळ्या अटी एकत्र पाळाव्या लागतात.

गिनी देशानं १९९७ मध्ये 'सायगा' हे तेलवाहू जहाज पकडलं. गस्ती बोटीनं रीतसर इशारे न देताच मोठ्या मशीनगननं गोळ्या झाडल्या. हॅम्बुर्गच्या सागरी न्यायाधिकरणानं १ जुलै १९९९ ला निकाल दिला: पाठलागाच्या अटी पुऱ्या झाल्या नव्हत्या, बळाचा वापर अवाजवी होता. भरपाई सुमारे २१ लाख डॉलर, गिनीनं 'सायगा'च्या ध्वजाच्या देशाला, सेंट व्हिन्सेंटला द्यायची.

म्हणून ओपीव्हीवर क्रम पक्का बसवलेला असतो. व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरवर नाव, ध्वज, मागचं बंदर विचारायचं आणि ते ध्वनिमुद्रित करायचं. नजरेच्या टप्प्यात आल्यावर पिवळ्या-काळ्या चौकटींचा 'लिमा' झेंडा चढवायचा, त्याचा अर्थ 'ताबडतोब थांबा'. मग भोंगा, दिवा. मग त्या जहाजाच्या नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) पुढं पाण्यात इशाऱ्याच्या फैरी. ३० मिलिमीटरची तोफ इथं ७६ पेक्षा जास्त उपयोगी, कारण मोजकं बळ वापरता येतं. प्रत्येक टप्प्याला जीपीएसची जागा आणि वेळ दाखवणारं चित्रीकरण. चढल्याबरोबर सगळ्यात आधी समोरच्या बोटीचा प्लॉटर (नकाशावर मार्ग नोंदवणारं यंत्र) ताब्यात. जाळं कुठं टाकलं होतं ते त्यात असतं, आणि तेच सर्वात आधी पुसलं जातं किंवा पाण्यात फेकलं जातं.

गटात कुणी मोजत नाही असा खर्चही सांगतो. १५० मैलांवर पकडलेला ट्रॉलर ८ नॉटनं बंदरात आणायला १९ तास. सोबत चार-सहा माणसं त्याच्यावर. ओपीव्ही परत जागेवर जाईपर्यंत दीड दिवस गेला. एका अटकेमागं एवढा समुद्र मोकळा पडतो.

रंकाळा_संध्याकाळ

वकीलसाहेब, नाळेवरचा दादा, शिरोलीकर, मनापासून आभार. पोरांना हे सगळं वाचून दाखवलं. आता त्यांचे तीन उपप्रश्न: ट्रॉलरवर चढायला लहान बोट उतरवतात, ते एवढं अवघड का मानतात? हेलिकॉप्टरचा हँगर घ्यावा का? आणि ओपीव्हीवरच नंतर क्षेपणास्त्रं बसवली तर दोन्ही कामं होणार नाहीत का?

आंबा_घाट

बोटीचं मी सांगते, कारण सगळी गस्त शेवटी त्या सात मीटरच्या रबरी कडांच्या बोटीवर येऊन थांबते.

एका हुकाच्या डेव्हिटनं (बोट वर-खाली करणाऱ्या क्रेननं) उतरवायची पद्धत अशी. जहाज ५-६ नॉटवर आणायचं आणि लाटा दुसऱ्या बाजूच्या नाळेवर तिरक्या घ्यायच्या, म्हणजे बोटीच्या बाजूला आडोसा तयार होतो. जहाजाच्या पुढच्या भागातून एक लांब दोर बोटीच्या तोंडाला बांधलेला असतो. बोट पाण्याला टेकायच्या आधी तिचं इंजिन चालू. लाटेच्या माथ्यावर टेकली की हूक सोडायचा. बोट आता दोरावर ओढली जात जहाजाबरोबर चालते, चालवणारा तोंड किंचित बाहेर वळवतो आणि दोर सगळ्यात शेवटी सोडतो. परत घेताना उलट: आधी दोर, मग हूक.

चुकतं कुठं? घाईत दोर आधी सुटला तर बोट एका हुकाला लटकून आडवी फिरते आणि जहाजाच्या अंगावर आपटते, नाहीतर उलटते. हूक लाटेच्या खळग्यात सोडला तर बोट दोन मीटर खाली आदळते, पाठीच्या मणक्यांची दुखापत तिथंच होते. परत घेताना विंचला (तार गुंडाळणाऱ्या यंत्राला) सतत ताण राखणारी यंत्रणा नसेल तर तार ढिली पडते आणि पुढच्या लाटेला झटका बसून तुटते. शिवाय जहाज डोलू नये म्हणून बुडाला बसवलेले पंख कमी वेगात जवळजवळ निकामी असतात, आणि बोट तर कमी वेगातच उतरवायची असते. अडीच मीटरच्या वर लाट गेली की बहुतेक कप्तान बोट उतरवत नाहीत. ओपीव्हीचा खरा हवामानाचा पल्ला तिच्या सांगाड्यानं ठरत नाही, डेव्हिटनं ठरतो.

म्हणून दोन बोटी, दोन बाजूंना, दोन स्वतंत्र डेव्हिट. एक पथक ट्रॉलरवर असताना दुसरी बोट सुटायला तयार हवी. मागच्या बाजूला घसरण असलेली जहाजंही आहेत, बोट थेट आत घुसते. वेगवान पद्धत आहे, पण मागचं दार खाऱ्या पाण्यानं अडकतं आणि जहाज पुढं-मागं जोरात झुलत असेल तर उंबरठा वर-खाली होऊन बोट त्यावर आदळते.

कोकणातल्या वाचकांसाठी एक. रत्नागिरी-मालवणसमोर परराज्यातले वेगवान ट्रॉलर घुसतात, तिथं ओपीव्ही पाठवा अशी मागणी दरवर्षी होते. १२ मैलांच्या आतली मासेमारी हा राज्याच्या मत्स्य विभागाचा विषय आहे. तिथं उथळ पाण्यात चालणारी २० मीटरची वेगवान गस्ती नौकाच हवी. १०५ मीटरचं जहाज त्या कामाला चुकीचं.

नाळेवरचा

ताईंनी बोटीचं नेमकं सांगितलं. उरलेलं मी घेतो.

हँगर: त्यासोबत १५-२० माणसं, विमानाच्या इंधनाची टाकी, फेसाची अग्निशमन यंत्रणा, सुटे भाग आणि त्यांच्यासाठी जागा येते. तुझ्या देशाकडं दोनच हेलिकॉप्टरं असतील तर एक दुरुस्तीत, दुसरं किनाऱ्यावर बचावासाठी. हँगर वर्षभर गोदाम म्हणून वापरला जातो. नुसता डेक घे, ज्यावर हेलिकॉप्टर उतरून इंधन घेईल, जखमी माणूस उचलेल. आयर्लंडच्या ९० मीटरच्या जहाजांवर तर हेलिकॉप्टरची सोयच नाही, तरी ४४ जणांच्या क्रूवर ती अटलांटिकमध्ये चालतात.

क्षेपणास्त्रं: बांगलादेशानं ब्रिटनकडून २०१० मध्ये कॅसल वर्गातली दोन जुनी गस्ती जहाजं घेतली आणि त्यांवर चिनी सी-७०४ बसवली. म्हणजे बसतात, अशक्य नाही. पण ओपीव्हीचा सांगाडा बहुतेक व्यापारी जहाजांच्या नियमांनी बांधलेला. कप्पे कमी, धक्का सोसण्याची तयारी नाही, हवाई संरक्षण नाही. वर वजन चढवलं की गुरुत्वमध्य वर जातो, त्यासाठी खाली वजन भरावं लागतं आणि मग इंधन कमी. त्यापेक्षा मोठा तोटा म्हणजे शत्रूच्या यादीत तुझं जहाज पहिलं येतं आणि स्वतःला वाचवायला त्याच्याकडं काहीच नसतं. श्रीलंकेनं २००७ मध्ये एलटीटीईची तरंगती शस्त्रगोदामं हजार मैलांहून लांब जाऊन बुडवली, त्यात ओपीव्हीच पुढं होत्या. त्यातली 'सयुरा' म्हणजे २००० मध्ये आपल्याकडून गेलेली जुनी 'सरयू', आणि 'सागरा' म्हणजे आपल्या तटरक्षक दलाची 'वराह'. गरज पल्ल्याची होती आणि तोफा पुरल्या.

आता संख्या. एक जहाज कायम समुद्रात हवं असेल तर तीन लागतात: एक जागेवर, एक जात-येत किंवा सरावात, एक दुरुस्तीत. दोन असली की ड्रायडॉकच्या (पाण्याबाहेर घेऊन दुरुस्तीच्या) महिन्यांत एकच उरतं आणि त्याचा एक जनरेटर गेला की समुद्र रिकामा. ब्रिटिशांनी रिव्हर वर्गातल्या गस्ती जहाजांत दुसरी वाट काढली. क्रू जास्त, जहाजं कमी. माणसं पाळीनं किनाऱ्यावर जातात, जहाज मात्र समुद्रात राहतं. ही वाट स्वस्त दिसते, पण माणसं टिकली तरच. आयर्लंडला २०२३ मध्ये खलाशांअभावी दोन जहाजं धक्क्याला बांधून ठेवावी लागली. न्यूझीलंडची ओटागो आणि वेलिंग्टन ही दोन्ही ओपीव्ही २०२२ मध्ये याच कारणानं धक्क्याला लागली. जहाजं ठणठणीत होती. इंजिनरूमचे अनुभवी तंत्रज्ञ बाहेरच्या पगारावर निघून गेले.

तेव्हा तुझ्या पैशात मी १०० मीटरच्या दोन घेणार नाही. ७५-८० मीटरच्या तीन, पुढं ३० मिलिमीटरची तोफ, हँगर नाही, रेंगाळायची मोटर, दोन डेव्हिट. आपल्याकडं बांधलेली, २०१५ मध्ये मॉरिशसच्या सेवेत आलेली बाराकुडा ७४ मीटरचीच आहे. तिन्ही अगदी एकसारख्या, म्हणजे एकीचा पंप दुसरीला बसेल आणि एकीचा इंजिनवाला दुसरीवर पहिल्या दिवसापासून काम करेल. करारात पाच वर्षांचे सुटे भाग: इंजेक्टर, टर्बोचार्जरचा पूर्ण संच, डेव्हिटचे हायड्रॉलिक सील, खारं पाणी गोडं करणाऱ्या यंत्राचे गाळणीचे पडदे. गढूळ किनारी पाण्यात हे पडदे लवकर चोंदतात, म्हणून ते यंत्र बंदराजवळ चालवायचंच नाही. त्यातून पैसे उरले तर विमानाच्या उड्डाण-तासांना, चौथ्या जहाजाला नाही.